बनशंकरीपर्यंत, आत्याला मागे बसवून

बंगळूरहून परत आल्यापासून मैत्रिणी विचारतात, काय काय पाहिलंस. राजवाडा, विधानसौध, ती काचघराची बाग, यातलं मी काहीच नीट पाहिलेलं नाही. मी पाहिले ते रस्ते, आणि तेही बहुतेक वेळ पुढच्या रिक्षाच्या पाठीवर नजर ठेवून. तरी लिहावंसं वाटतं. जाताना मला एक गोष्ट येत नव्हती, येताना येत होती, आणि ती शिकवण्यासाठी तिथल्या दोन माणसांनी माझ्यासाठी फार वेळ काढला. प्रवासाबद्दल कसं लिहितात ते मला नक्की ठाऊक नाही. जसं आठवतं तसं सांगते.

आमचं गाव चंदगड तालुक्यात आणि माझं कॉलेज बेळगावात. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे कॉलेज म्हणजे किती वाजेपर्यंत, याचा अंदाज घरी कुणालाच नव्हता. मलाही नव्हता. प्रात्यक्षिकं दुपारी असतात, आणि ती संपेपर्यंत थांबलं की आमच्या बाजूची शेवटची बस निघून जाते. वसतिगृहात जागा मिळाली नव्हती. पहिलं वर्ष मी निम्मी प्रात्यक्षिकं अर्धवट टाकून स्टँडकडे पळत काढलं. या वर्षी प्रात्यक्षिकाच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं की असं चालणार नाही, हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही.

हे बाबांनी फोनवर आत्याला सांगितलं असावं. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, लग्न झाल्यापासून बंगळूरला चामराजपेटेत राहते. तिच्या यजमानांना आमच्याकडच्या रीतीने मी मामा म्हणते. ते पीण्या नावाच्या कारखान्यांच्या भागात एका छोट्या कारखान्यात आहेत. पूर्वी मोटरसायकलवरून जायचे, आता गिअर टाकताना डावा गुडघा दुखतो म्हणून मेट्रोने जातात, आणि गाडी दारात उभी असते. मामांचं म्हणणं पडलं की पोरीला कॉलेजला जायला उपयोगी पडत असेल तर घेऊन जाऊ दे. पण आधी इकडे येऊन चालवून दाखवू दे.

दिवाळीनंतरच्या सुट्टीत मी गेले.

चामराजपेट

आत्याचं घर एका अरुंद गल्लीत, वरच्या मजल्यावर. खाली पुस्तकं बांधणाऱ्या एका बाइंडरचं दुकान आहे, शेजारी उदबत्त्यांचे पुडे भरतात, त्यामुळे जिना चढताना आधी खळीचा आणि मग चंदनाचा वास येतो. गल्लीत सगळे आत्याला अक्का म्हणतात. भाजीवाला, शेजारीण, बाइंडर, सगळे. तिचं मराठी आमच्या गावचंच आहे, पण आपण जिथे ‘बरं’ म्हणू तिथे ती ‘सरी’ म्हणते, आणि वाढताना ‘अजून थोडं’ न म्हणता ‘स्वल्प, स्वल्प’ म्हणत भाताचा डोंगर करते.

पहिल्या जेवणाला तिने नाचणीचा मुद्दे केला होता. आमच्याकडे नाचणीची भाकरी होते, हा चेंडूएवढा मऊ गोळा होता. मी घास घेऊन नेहमीसारखी चावायला लागले, तर तो टाळूला चिकटून बसला आणि मला बोलता येईना. मामा म्हणाले, तो चावायचा नसतो, सारात बुडवून तसाच गिळायचा असतो. आत्या हसून हसून ताटावरून उठली.

संध्याकाळी मामांनी गाडीवरची जुनी चादर काढली. इतकी पुसलेली गाडी मी आधी पाहिली नव्हती. त्यांनी मला हेल्मेट दिलं आणि स्वतः दुसरं घालून मागे बसले. आमच्याकडे मागे बसणारा कधी हेल्मेट घालत नाही. तिथे मागच्यालाही लागतं, नाहीतर पोलीस अडवतात. या एका फरकामुळे मी कशी गाडी चालवते ते मला पहिल्यांदा कळलं. मी गिअर बदलला की मामा पुढे ढकलले जायचे आणि त्यांचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटायचं. टक. दुसरा गिअर, टक. वेग कमी करताना परत टक. गल्लीला एक फेरी मारून आम्ही परत आलो. लायसन्स मी मैदानात आठचा आकडा काढून रीतसर मिळवलं होतं, पण तेव्हा मागे कुणी बसलं नव्हतं.

मामा उतरले, हेल्मेट काढलं आणि मान चोळत म्हणाले, “गाडी येते तुला. माणूस बसवता येत नाही.”

आत्या वरून पाहत होती. ती खाली आली आणि म्हणाली की मग गाडी द्यायची नाही. आमच्या रस्त्यावरची वळणं तिला माहीत आहेत, उसाचे ट्रॅक्टर माहीत आहेत, आणि माझ्या मागे आई बसणार हेही माहीत आहे. मामांनी काहीतरी समजूत घालायचा प्रयत्न केला. ती ऐकेना. शेवटी तिनेच तोड काढली.

“शुक्रवारी मला बनशंकरीला जायचंय. मी हिच्या मागे बसते. डोक्याला डोकं किती वेळा लागतं ते मोजते. एका हाताच्या बोटांत मावलं तर ने, बाई. नाही मावलं तर बाइंडर रोज विचारतोयच गाडीचं, त्याला देऊन टाकू.”

ती वर गेल्यावर मामा हळू आवाजात म्हणाले, ही आजवर माझ्याशिवाय कुणाच्या मागे बसलेली नाही. सख्ख्या पुतण्याच्यासुद्धा नाही.

पीण्या, रविवारी सकाळी

पीण्यात एरवी लॉऱ्यांमुळे रस्ता ओलांडता येत नाही म्हणतात. रविवारी सगळी शटर बंद असतात. लांबच लांब रस्ते, दोन्ही बाजूंना छोटे कारखाने, हवेत मशीनच्या तेलाचा वास आणि सावलीत झोपलेली कुत्री. मामांनी एका निळ्या फाटकाकडे हनुवटीने दाखवलं. “हे आमचं.” एवढंच म्हणाले, पण गाडी जरा सावकाश केली.

मग त्यांनी मला पुढे बसवलं. त्यांना शब्दांत शिकवता येत नाही. दोनदा समजावून सांगितलं, तिसऱ्यांदा कन्नडमध्ये ओरडले. मग त्यांनी विचारलं, “गिअर एवढ्या लवकर का टाकतेस? गाडी गुदमरते बघ.”

मी म्हटलं, पेट्रोल वाचतं.

हे मला सांगायला हवं, कारण माझी सगळी चूक तिथे होती. मी गाडी शिकले ती शेठच्या गाडीवर. बाबा काजूच्या एका व्यापाऱ्याकडे कामाला आहेत आणि इकडे तिकडे माल दाखवायला जाण्यासाठी शेठची गाडी त्यांच्याकडे असते. माळावर मला शिकवताना बाबांनी गिअर कुठे, ब्रेक कुठे हे नंतर सांगितलं. आधी सांगितलं की इंजिनाचा आवाज चढू द्यायचा नाही, पटापट टॉपवर टाकायचं, उतार आला की गाडी बंद करून घरंगळू द्यायची. पेट्रोल शेठचं. दुसऱ्या दिवशी शेठ टाकी हलवून बघतो. आमच्या गावात दुसऱ्याची गाडी चालवणारे सगळे असंच चालवतात. त्यामुळे इंजिन जरा मोठ्याने बोललं की माझा हात आपोआप रेस सोडतो. मला वाटायचं, हीच चांगली सवय.

मामांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, “या टाकीतलं पेट्रोल कुणाचं?”

“तुमचं.”

“मग मी सांगतो, जाळ.”

मी दुसऱ्या गिअरवर तशीच जाऊ दिली. आवाज चढला. माझा हात शिवशिवत होता. मामांनी मागून डाव्या खांद्यावर दोन बोटं ठेवली होती. त्यांनी ती दाबली की मी क्लच दाबायचा, ती जितक्या हळू उचलतील तितक्या हळू सोडायचा. बोटं दाबली गेली, मी पायाने तिसरा टाकला, बोटं उचलली गेली. टक झालं नाही. मी एवढी चकित झाले की गाडी बंद पाडली.

दुपारपर्यंत वर जाणारे गिअर बऱ्यापैकी जमले. उतरवणारे मात्र जमेनात. गिअर खाली आणला की क्लच सोडण्याआधी मुठीने थोडी रेस द्यावी लागते, म्हणजे इंजिन चाकाच्या वेगाला येऊन भेटतं आणि हिसका बसत नाही. पण क्लच दाबलेला असताना रेस द्यायची म्हणजे गाडी पुढे तर जात नाही, आणि पेट्रोल नुसतं जळतं. माझ्या हाताला ते पटत नव्हतं. मामा ‘कोडू, कोडू’ म्हणायचे, म्हणजे दे, दे. मी देत होते, पण चिमूटभर.

शेवटी ते म्हणाले, मागे बस आणि डोळे मिट. मी गिअर बदलला की सांग.

ते चालवत होते. मी डोळे मिटून वाट पाहत बसले. वारा लागत होता, एका ठिकाणी तळलेल्या मिरचीचा वास आला. बराच वेळ झाला तरी मला सांगण्यासारखं काही जाणवलं नाही. मी विचारलं, बदलणार कधी? मामा हसले. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत जाऊन ते परत दुसऱ्यावर आले होते.

नंतर आम्ही एका टपरीवर कॉफी घेतली. तिथे एक कॉफी दोन पेल्यांत वाटून मागतात, तिला ‘बाय-टू’ म्हणतात. दोन कॉफ्यांचे पैसे असले तरी लोक असंच मागतात, कारण तेवढीच पुरते आणि सोबत होते. मला ही पद्धत फार आवडली. आमच्याकडे पाहुण्याला अर्धा कप दिला तर बोलणी बसतील.

पुन्हा चामराजपेट

सोमवारपासून आम्ही सकाळी, मामांच्या ड्यूटीआधी निघायचो. रिकाम्या रस्त्यावर जे जमलं होतं ते गर्दीत पुसलं गेलं. बुधवारी सिग्नलला सगळ्यांच्या पुढे मी, आणि हिरवा लागला तेव्हा गाडी बंद पडली. किक मारली, परत बंद. मागे हॉर्नचा गजर. एक रिक्षावाला बाजूने डोकं काढून म्हणाला, “एनम्मा, मलगिद्या?” झोपलीस काय गं, असं त्याचं म्हणणं होतं. वाईट वाटलं ते अशासाठी की तो रागाने नाही, अगदी काळजीने विचारत होता.

पुढे एका हॉटेलात मामांनी तट्टे इडली घेतली. ही ताटलीएवढी चपटी इडली असते, वर लोण्याचा गोळा. मला घास जाईना. मी दोन दिवस मनात जुळवलेलं वाक्य बोलून टाकलं. म्हटलं, मामा, गाडी राहू दे. चांगलं गिऱ्हाईक आहे तर त्याला द्या. मी बसचं काहीतरी बघेन.

मामा चटणी कालवत राहिले. मग म्हणाले, “गिऱ्हाईक चांगलंच आहे. पण त्याला देऊन मला काय करायचंय?”

मी पेला उचलून पाणी प्यायले.

“इडली खा,” ते म्हणाले. “गार झाली की रबर होते.”

त्या दिवशी आम्ही घरी परतताना उतारावर त्यांनी खांद्यावर बोटं ठेवली नाहीत. मी मागे वळून पाहिलं, तर ते दोन्ही हात मांडीवर ठेवून दुकानांच्या पाट्या वाचत होते. टक दोनदा झालं. ते पाट्याच वाचत राहिले.

बनशंकरी, शुक्रवारी

बनशंकरीच्या देवळात राहुकाळात पूजा करतात. मला हे ऐकून नवल वाटलं, कारण आमच्याकडे राहुकाळ म्हटलं की माणसं निघायची थांबतात. तिथे बायका मुद्दाम त्या वेळेला येतात आणि लिंबाचे दिवे लावतात. लिंबू अर्धं कापून पिळायचं, साल उलटी करून तिची वाटी करायची, तुपात भिजवलेली वात ठेवायची. शुक्रवारी राहुकाळ सकाळीच असतो. मामा कामावर गेले होते. जाताना ते माझ्याकडे न बघता जिना उतरले आणि खाली टायरमधली हवा तपासून गेले.

आत्या इरकल नेसून, लिंबांची पिशवी घेऊन खाली आली. हेल्मेट घालताना तिला अंबाड्याची अडचण झाली, मग अंबाडा सोडून वेणी घातली. एका अंगाने बसली. उजवा हात माझ्या खांद्यावर घट्ट, डावा मोकळा, बोटं मिटायला. गल्लीच्या तोंडाशी बाइंडर उभा होता. “अक्का, हुषार,” तो म्हणाला, म्हणजे जपून. त्याला शुक्रवारचं सगळं माहीत होतं.

कोपरा वळल्यावर लगेच पहिलं टक झालं.

“एक,” आत्या मागून म्हणाली.

तिच्या हाताची पकड खांद्यात रुतत होती. ती श्वास रोखून बसली आहे हे मला पाठीला कळत होतं, आणि तिने रोखला म्हणून मीही रोखत होते. पुढच्या चौकात बस आडवी आली. दोन. बसवनगुडीच्या मोठमोठ्या झाडांखालून जाताना जरा बरं वाटलं, तर उतारावर गतिरोधक दिसला नाही, घाईने गिअर उतरवला आणि तीन. मला मागे न बघताही दिसलं की आत्याची दोनच बोटं उघडी आहेत. अजून निम्मा रस्ताही झाला नव्हता. मग परत येतानाचा रस्ता, गावाकडची शेवटची बस, प्रात्यक्षिकाची हजेरी, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

पुढे चढ लागला. समोर विटांची लॉरी रेंगाळत होती. आता खालचा गिअर घ्यावाच लागणार होता. क्लच दाबला, गिअर आणला, आणि मूठ पिळली. चिमूटभर नाही. चांगली पिळली. इंजिन जागच्या जागी मोठ्याने गुरगुरलं, शेजारच्या स्कूटरवाल्याने वळून पाहिलं. मी ते तसंच गुरगुरू दिलं आणि मग बोटं हळूहळू सोडली. गाडी लॉरीमागे शांत चालू लागली.

आत्या त्या वेळी लिंबं यंदा किती बारीक आली आहेत ते सांगत होती. तिचं वाक्य तुटलं नाही.

तिथून ती बोलतच राहिली. लिंबांवरून बाजारावर, बाजारावरून गावच्या आठवडी बाजारावर. मला निम्मं ऐकू येत होतं. सातवीनंतरची शाळा आपल्या गावात नव्हती, ती म्हणाली, पलीकडच्या गावात होती. तेव्हा दादा मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून सोडायचा. दादा म्हणजे माझे बाबा. ओढ्याच्या चढावर तो उतरून सायकल ढकलायचा, पण मला उतरू द्यायचा नाही. वर्षभर नेलं. मग तो कामाला लागला, सायकल त्याच्याबरोबर गेली, आणि माझी शाळा राहिली.

बाबांनी हे आम्हाला कधीच सांगितलेलं नाही.

“जन्मभर मागेच बसले बघ मी,” आत्या म्हणाली आणि हसली. रडवेली वगैरे काही नव्हती. लगेच तिने उजवीकडे वळायला सांगितलं, देऊळ आलं होतं.

देवळात बायकांची दाटी होती. पितळी ताटांत पिवळ्या वाट्या, प्रत्येकीत छोटी ज्योत, आणि गरम झालेल्या सालींचा आंबट-कडू वास. आत्याने मलाही एक दिवा लावायला दिला. काय मागायचं ते मला ठरवता आलं नाही. मी नुसते हात जोडले. परत येतानाही ती बोलत होती. खांद्यावरचा हात तिने केव्हा काढला ते माझ्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी मामा आले आणि बूट काढायच्या आधी दारातूनच त्यांनी विचारलं, “किती?”

आत्या चहा गाळत होती. ती थांबली. “तीनपर्यंत मोजलं,” ती म्हणाली. “मग विसरले.”

“विसरलीस? कुठे विसरलीस?”

तिने जरा आठवून पाहिलं. “दादाच्या सायकलजवळ कुठेतरी.”

मामांना काही कळलं नाही. मला कळलं, आणि मी उठून गच्चीत गेले, वाळलेले कपडे काढायला.

निघताना

आता मी प्रात्यक्षिक संपेपर्यंत थांबते. बाजाराच्या दिवशी आई मागे बसते आणि शेजारणीच्या गोष्टी सांगत येते. मला गाडी फार छान येते असं नाही, चढावर अजून कधीतरी हिसका बसतो. पण एक निघतानाची गोष्ट सांगायची राहिली.

गाडी रेल्वेने पार्सल करायची होती. त्यासाठी टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. मामांनी नळी लावून पेट्रोल बाटल्यांत काढलं, गाडीला गोणपाट गुंडाळलं, आरशांना आत्याच्या जुन्या साडीचे तुकडे बांधले. स्टेशनवर पार्सलचा कारकून मान खाली घालून लिहीत होता. गाडी कुणाची, त्याने कन्नडमध्ये विचारलं. एवढं मला कळायला लागलं होतं. मी मामांकडे बोट दाखवलं. मामांनी माझ्याकडे.

कारकुनाने मान वर केली आणि आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. एकाचं कुणाचं तरी सांगा, मागे रांग आहे, असं काहीसं तो म्हणाला. मामा गोणपाटाची गाठ आवळत होते, ती आधीच घट्ट होती.

मी माझं नाव सांगितलं.